दादाची टाळी

पहिल्या हॉलचा मॅनेजर आम्हाला छतावरचं झुंबर दाखवत होता, तेवढ्यात दादा हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं एक टाळी वाजवली. एकच. मग मान तिरपी करून ऐकत राहिला. टाळी छताला लागून आली, मागच्या भिंतीला लागून आली, काचांना शिवून आली आणि कुठल्याशा कोपऱ्यात बराच वेळ घोटाळून विरली. मॅनेजर बोलायचा थांबला. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"मामा, हे काय?"

"काही नाही. जागेची चौकशी करतोय."

दादा माझा मोठा भाऊ. चाळीस वर्षं त्यानं नाटकांचा साउंड सांभाळला, अंधारात, एका टेबलामागे बसून. घरच्या कार्यात त्याला माईकजवळ फिरकू द्यायचं नाही असा आमचा अलिखित नियम आहे, कारण एकदा तिथं गेला की तो हलत नाही आणि एकाही फोटोत येत नाही. लेकीच्या लग्नासाठी जागा बघायला त्याला बरोबर घेतलं, ते केवळ त्याच्याकडे गाडी आणि रिकामा वेळ दोन्ही होतं म्हणून.

तोवर माझ्या लेखी जागा बघणं म्हणजे फोटो बघणं. रात्री जेवणं आवरली की मी आणि लेक फोनवर हॉल बघत बसायचो. सगळेच राजवाडे. पुढे प्रत्यक्ष गेल्यावर कळलं की वाइड अँगल लेन्सनं फोटो काढला तर न्हाणीघरसुद्धा मैदान दिसतं. आणि एकाही फोटोत माणूस नसतो. रिकाम्या खुर्च्या, रिकामं स्टेज, ताठ उभी फुलं. आपण भाड्यानं घेणार असतो भरलेला हॉल, आणि आपल्याला दाखवतात रिकामा. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला सहा हॉल बघावे लागले.

आधी तारीख की आधी जागा, यावर घरात दोन तट पडले होते. शेवटी आम्ही तीन तारखा खिशात ठेवून निघालो. जे हॉलवाले एका तारखेला मान हलवत नव्हते ते तीन तारखा ऐकल्यावर खुर्ची पुढे करत.

यादीचं मात्र विचारू नका. लेकीचं म्हणणं, दीडशे. तिच्याकडे पुरावाही होता: रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९९२ साली माणसाच्या मेंदूच्या आकारावरून हिशेब मांडला, की माणूस साधारण १५० जणांशीच खरीखुरी ओळख टिकवून ठेवू शकतो. तिच्या बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते तर माझ्या चुलत-मामे भावंडांतच संपले." यादी तीनशे ऐंशीवर थांबली. थांबली म्हणजे तिथं आम्ही दमलो.

या आकड्यानिशी हॉल बघायला लागलं की एक भाषा शिकावी लागते. मॅनेजर म्हणतो, "पाचशे माणसं आरामात." आता ही पाचशे उभी, बसलेली की हिंडती-फिरती, हे त्याला विचारायचं असतं. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी एक चौरस मीटरच्या आत भागतं. गोल टेबलं मांडली की तेच दीडच्या आसपास जातं, म्हणजे रांगांत चारशे घेणारा हॉल टेबलांवर पावणेतीनशे घेतो. शिवाय स्टेज, वाढपाची जागा, खांब, हे सगळं त्यातूनच जायचं. पाच फुटी गोल टेबलाचा घेर भरतो पावणेसोळा फूट. आठ खुर्च्या लावल्या तर माणशी दोन फुटांना किंचित कमी. सगळीकडे दहा लावलेल्या असतात. दहाव्याचं कोपर नवव्याच्या बरगडीत. माझा नवरा प्रत्येक ठिकाणी पावलांनी हॉल मोजायचा, ओठ हलवत, आणि कुणी मध्येच काही विचारलं की पुन्हा दारापासून सुरुवात करायचा. मोजून झालं की हमखास म्हणायचा, "सांगतात त्याहून लहान आहे."

तिसऱ्या हॉलवरून परत येताना गाडीत लेकीनं दादाला टाळीचं विचारलं. चूक झाली. घर येईपर्यंत तो बोलत होता.

१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं फॉग म्युझियमची नवी इमारत बांधली. त्यातल्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये बोललेलं एक अक्षर कुणाला कळेना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. साडेपाच सेकंदांहून जास्त! म्हणजे वक्त्याचं एक वाक्य संपून दुसरं निम्मं झालं तरी पहिल्याचे तुकडे हवेत आहेतच. मग तो रात्री-अपरात्री, बाहेरची रहदारी थांबल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, या हॉलमध्ये पसरायचा आणि पुन्हा मोजायचा. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरायचा. आणि गादीसारखंच काम माणूस करतो. माणसाचं अंग, माणसाचे कपडे. इतकं, की अंगावरचे कपडे बदलले तर मोजमाप बदलतं हे कळल्यावर सबाइन प्रत्येक प्रयोगाला तोच कोट आणि तीच विजार घालून जायला लागला.

"म्हणजे लग्नाला भारी कपडे घालून तीनशे ऐंशी गाद्या येणार," लेक म्हणाली. "मग हॉल घुमला तर घुमू दे ना आत्ता. त्या दिवशी घुमणार नाही."

दादानं आरशातून तिच्याकडे कौतुकानं बघितलं. "बरोबर. पण गाद्या बोलत नाहीत."

ही गंमत मला तेव्हा नवीन होती. माणसं आली की हॉल कमी घुमतो, पण तीच माणसं बोलायला लागतात. शेजारचं टेबल मोठ्यानं बोलतंय म्हणून आपण आवाज चढवतो, आपण चढवला म्हणून ते. एटिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये याची नोंद केली: गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो, ठरवून नव्हे. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उंच उघडं छत असेल तर ही चढाओढ फार लवकर सुरू होते. जाड पडदे, सतरंज्या, ठेंगणं छत असेल तर उशिरा. आजकाल सुंदर म्हणून जे जे बांधतात ते नेमकं पहिल्या यादीतलं असतं. असो. माझ्या मताला बांधकामवाले विचारत नाहीत.

आवाजाचं दादानं शिकवलं, उकाड्याचं माझं मीच शिकले. चौथा हॉल भर दुपारी इतका गार होता की मी पदर लपेटून घेतला. मॅनेजर अभिमानानं म्हणाला, "फक्त दोन मशीन चालू आहेत." आत होतो आम्ही पाच जण. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. तीनशे ऐंशी माणसं म्हणजे अडतीस किलोवॅट. दोन किलोवॅटचे एकोणीस हीटर एका खोलीत लावून दारं ओढून घेतली असं समजा, आणि त्यावर स्टेजचे दिवे, स्वयंपाकघराची आच. नाचणारा माणूस तर बसलेल्याच्या दुपटीनं-तिपटीनं तापतो. मी विचारलं, "वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं?" उत्तर आलं, "दिवे आणि माईक." एसी? मॅनेजरनं खिडकीकडे बघितलं. खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या.

मोकळ्या हिरवळीचा मोह मलाच होता. झाडं, आभाळ, संध्याकाळ. एक जागा तर अशी होती की तिथं उभं राहिल्यावर मला माझ्याच लग्नाची घाई झाली. दादानं टाळी वाजवली. ती गेली ती परत आलीच नाही. "इथं आवाज राहत नाही," तो म्हणाला, "उडून जातो. स्पीकर वाढवत न्यावे लागतील, म्हणजे पुढच्यांचे कान किटणार आणि मागच्यांना ऐकू येणार नाही." तेही चाललं असतं. पण नवऱ्यानं माळ्याला विचारलं की आमच्या तारखेला ऊन कुठून येतं. आम्ही गेलो होतो ऐन उन्हाळ्यात, लग्न होतं हिवाळ्यात. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा आणि सगळ्यात लहान दिवसाचा सूर्य यांच्या माध्यान्हीच्या जागेत ४७ अंशांचा फरक पडतो. मावळायची जागाही सरकते. आम्ही ज्या सावलीत उभं राहून हरखलो होतो ती सावली लग्नाच्या दिवशी भिंतीपलीकडे असणार होती, आणि सूर्य बरोबर वधूवरांच्या डोळ्यांत. माळ्यानं हे सगळं काठीनं जमिनीवर रेघ मारून दाखवलं. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पावसाचं तर बोलायलाच नको. हवामानशास्त्रात एडवर्ड लोरेन्झ यांच्या कामापासून मानतात की दोन आठवड्यांच्या पलीकडे रोजच्या हवेचं नेमकं भाकीत करणं जमण्यासारखं नाही. हिरवळ ठरवायची आठ-दहा महिने आधी. म्हणून हिरवळ बघायला गेलं की हिरवळ बघायची नसते, पाऊस आला तर जिथं नेणार ती खोली बघायची. ती आम्ही मागितली. मोडक्या खुर्च्यांचं कोठार निघालं.

या सगळ्या फेऱ्यांत आई बरोबर असायची. माझी आई, लेकीची आजी, वय वर्षं ८४. गुडघे रुसलेले, दोन्ही कानांत यंत्रं. तिला दमवू नये म्हणून घरी ठेवावं असं मला वाटायचं, दादा म्हणायचा, "असू दे. ती आली की निम्मे हॉल आपोआप गळतात." आणि तसंच व्हायचं. पाचव्या हॉलला दाराशी चार पायऱ्या होत्या. "उतरण आहे," मॅनेजर म्हणाला आणि मागून फळी घेऊन आला. चार पायऱ्या म्हणजे ६० सेंटिमीटर चढ. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बाराचा उतार धरतात, म्हणजे सव्वासात मीटर लांबीची उतरण हवी. फळी होती दीड मीटरची. आईनं फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला वर चढवताय की होडीत लोटताय?"

त्या चार पायऱ्यांपैकी तिसरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. मी अडखळले, नवरा अडखळला, लेक तर दोनदा. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय जिन्याचं माप पाठ करतो आणि पुढच्या न बघता चढतो. फसतो तो तिथंच. आई अडखळली नाही. ती प्रत्येक पायरी नव्यानं बघते.

दारांच्या बाबतीत दादा थट्टा करत नसे. आत शिरला की बाहेर पडायच्या वाटा मोजायचा आणि प्रत्येक दार ढकलून बघायचा, बाहेर उघडतं की आत. १९४२ साली बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली. पुढचं फिरतं दार गर्दीनं अडलं, बाकीची काही कुलूपबंद होती, काही आत उघडणारी. मागून रेटा आल्यावर आत उघडणारं दार उघडत नाही. हे त्याला नाटकाच्या धंद्यातल्या जुन्या लोकांनी सांगितलेलं. एका हॉलमध्ये मागच्या दाराला साखळी होती आणि साखळीपुढे गाद्यांचा ढीग. मॅनेजर म्हणाला, "फुकटे आत येतात, म्हणून." आम्ही तिथून निघालो. लेकीला तो हॉल आवडला होता, तरी ती काही बोलली नाही.

ती बोलली सहाव्या हॉलला. तो काचेचा हॉल. तीन बाजूंनी काच, बाहेर पाणी, आत संध्याकाळचा उजेड तिरपा आलेला. मीसुद्धा गप्प झाले. दादानं टाळी वाजवायला हात उचलले आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघून खाली घेतले. "हाच," ती म्हणाली. जिने नव्हते, दारं होती, तीनपैकी दोन तारखा मोकळ्या होत्या. मॅनेजरनं आमच्यासाठी संगीत लावलं, तिकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, पलीकडे दुसरं एक कुटुंब आपली मोजमापं घेत होतं.

आईला आम्ही पुढच्या रांगेत बसवलं होतं. लेक तिच्याशेजारी जाऊन बसली, हात हातात घेतला आणि विचारलं, "आजी, आवडला का गं हॉल?"

आईनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "सव्वापाच."

लेक हसली. मग तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आईनं हसून मान डोलावली. ती मान मी ओळखते. ऐकू आलं नाही पण समोरच्याला वाईट वाटायला नको, अशा वेळची ती मान आहे, आणि गेली सहा-सात वर्षं घरातल्या प्रत्येक कार्यात ती तशीच डोलते आहे. ऐकायचं यंत्र सगळंच मोठं करतं: बोलणं, खुर्चीचा कर्रकर्र आवाज, भिंतींवरून परत येणारं बोलणं. घुमणाऱ्या जागेत यंत्र घातलेल्या माणसाला आवाज भरपूर येतो आणि शब्द एकही येत नाही.

दादा काचेपाशी पाठमोरा उभा होता. मला एकदम उमगलं की इतके दिवस तो टाळ्या कुणासाठी वाजवत होता. नाटकासाठी नव्हे, माईकसाठी नव्हे. मी त्याला तसं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यानं सबाइनची गोष्ट पुन्हा सांगितली असती.

परतीच्या वाटेवर लेकीनं फोनमधला तो काचेचा हॉल यादीतून काढला. कुणी काही सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत थोडी रडली, आणि ते मी दिसलं नसल्यासारखं केलं. आपल्या आवडीची जागा सोडताना माणसानं थोडं रडावं, त्यात काय.

जो ठरला तो हॉल फोटोत आम्ही दोनदा नाकारला होता. ठेंगणं छत, भिंतींना मळखाऊ रंगाचे जाडजूड पडदे, जुनी सतरंजी. झुंबर नाही. दादाची टाळी वाजली आणि तिथल्या तिथं संपली. "कोरडी आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हे फार मोठं कौतुक असतं. आई दाराशी पायरी शोधत राहिली, पायरी नव्हतीच. मॅनेजर म्हातारे होते, सगळ्या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून सही करून दिली: ताबा किती वाजता, सोडायचं किती वाजता, उशीर झाला तर किती, तारीख बदलली तर अनामत किती परत, जनरेटरवर काय काय, त्या दिवशी दुसरं कार्य शेजारी आहे का. तोंडी ठरलेल्याला कागद नसेल तर लग्नाच्या दिवशी सगळ्यांचीच स्मरणशक्ती जाते.

लग्नाच्या आदल्या रात्री दादा तिथं तारेचं भेंडोळं घेऊन गेला. पुढच्या तीन रांगांभोवती त्यानं सतरंजीखालून तार फिरवली आणि तिची टोकं एका अँप्लिफायरला जोडली. काही ऐकायच्या यंत्रांत 'टी' नावाची एक सोय असते. सगळ्यांत नसते, आईच्यात होती, फक्त आजवर कुणी वापरली नव्हती. ती लावली की यंत्राचा स्वतःचा माईक बंद होतो आणि तारेच्या वेढ्यातल्या चुंबकीय लहरी यंत्र थेट पकडतं. खुर्च्यांचा आवाज नाही, भिंतींचा नाही, तीनशे ऐंशी माणसांचा नाही. माईकमध्ये जे बोललं जाईल तेवढंच, कानात.

दुसऱ्या दिवशी दादा अर्थातच टेबलामागे होता आणि एकाही फोटोत नाही. आई पुढच्या रांगेत, तारेच्या आत. लेक जे काही बोलली, जावई जे काही बोलला, ते ऐकताना आईची मान डोलत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि योग्य जागी हसत होती, इतरांच्या आधी.

मुख्य सोहळा आटोपला. दोघं स्टेजवर जरा बाजूला उभी राहिली, भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची होती. दादानं स्पीकर बंद केले. तारेची लाइन वेगळी होती, ती त्याच्या डोक्यातून गेली, आणि लेकीच्या खांद्याशी लावलेला माईक चालूच राहिला. ती जावयाच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. तो काहीतरी म्हणाला. साऱ्या हॉलमध्ये कुणालाच काही ऐकू गेलं नाही, आणि पुढच्या रांगेत आई तोंडाला पदर लावून एकटीच गदगदा हसायला लागली.

मी धावत गेले. "काय गं? काय म्हणाली ती?"

आईनं कानामागे बोट नेलं, बटण दाबलं आणि माझ्याकडे अगदी भोळ्या चेहऱ्यानं बघितलं.

"सव्वाबारा," ती म्हणाली.